होळीची आरोळी गेटावर

माझा आवाज मोठा आहे. फुशारकी नाही मारत, लोधिवलीकडच्या आमच्या गावात तेच माझं मानाचं काम. होळीला आम्ही सावरीचं अख्खं खोड खांद्यावरून आणतो आणि देवळासमोर उभं करतो. मी ‘हर हर’ म्हणायचं आणि ‘महादेव’ म्हणताना सगळ्यांनी एकदम रेटा द्यायचा. शाळेच्या पुस्तकात ही लढाईची आरोळी होती. आमच्या खांद्यांना ती वजन रेटायचीच माहीत. तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच माझ्या ध्यानात राहिलं नाही.

मोहोपाड्याच्या बाजूला एका कारखान्यात मी पॅकिंगला होतो. एक दिवस आम्हा कंत्राटी माणसांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आम्ही सगळे गाववाले गेटावर बसलो. माझा धाकटा भाऊ त्याच गेटावर सिक्युरिटीत होता. त्या सकाळी एकाच मोटरसायकलवरून दोघं गेलो. तो आत गेला, मी बाहेर राहिलो. जाताना म्हणाला, “दादा, किती पन वरड. पन लोकांना गेटाला हात लावू देऊ नको. माझी ड्यूटी हाय तिथं.”

मी हो म्हटलं.

आत आमच्यातल्या काही जणांची साहेबांशी बोलणी चालली होती. बाहेर पोलीस काठ्या घेऊन उभे. शहरातून आलेले पुढारी कागदावरून घोषणा वाचत होते आणि दुपारपर्यंत आमचं ‘जिंदाबाद’ पार पुटपुटण्यावर आलं. माणसं पेंगायला लागली. पुढाऱ्यांनी माइक माझ्या हातात दिला. आत ऐकू गेलं पाहिजे, असं काहीतरी द्या म्हणाले.

मी ‘हर हर’ दिलं.

बसलेले सगळे उठले. ‘महादेव’ असा काही गरजला की माझ्याच अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा दिलं तेव्हा पुढच्या माणसांचे हात गेटाच्या गजांवर होते आणि ‘महादेव’वर गेट आत वाकलं. कुणी ठरवून केलं नव्हतं. सवयच ती. भाऊ आतून दोन्ही हातांनी गेट धरून होता. त्यानं माणसांच्या डोक्यांवरून सरळ माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको.

मला ते दिसलं होतं. गर्दीत दिसलं नाही असं पुढं पोलिसांना सांगितलं, घरातही सांगितलं, ते खोटं. इतकी माणसं माझ्या एका शब्दावर हलत होती, त्याची मला चढली होती. मी तिसऱ्यांदा ‘हर हर’ दिलं.

आतली कडी तुटली. गेटाचं दार भावासकट मागं गेलं आणि त्याचा हात दार न् भिंतीच्या मध्ये सापडला. मी ‘थांबा, थांबा’ करत माइकवर ओरडलो. पण आता आरोळी माझ्या हातात नव्हती, मागची माणसं आपापली ‘हर हर’ देत होती. पोलिसांनी काठ्या चालवल्या तेव्हाच रेटा थांबला.

आठवड्यात आम्हाला सगळ्यांना परत घेतलं. भावाला काढलं. ज्याच्या घरचेच गेट पाडतात त्याला गेटावर कसा ठेवायचा, असं त्याच्या एजन्सीनं विचारलं. त्याचा मोडलेला हात जुळला, पण मूठ पुरती मिटत नाही. भांडण त्यानं कधीच काढलं नाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या होळीला संध्याकाळी खोड देवळासमोर आलं. बुंधा खड्ड्यात, वरची बाजू माणसांच्या खांद्यांवर, सगळे माझ्या आवाजाची वाट पाहत होते. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. खोडाखालचे खांदे थरथरायला लागले. भाऊ सगळ्यात पुढं होता, चांगला हात खोडाला लावून.

“थांबायचं तवा थांबला नायस,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “आता लोकांच्या खांद्यावर वजन हाय. दे आवाज.”

मी दिला. खोड उभं राहीपर्यंत माझी नजर त्याच्या हातावर होती.