आधी मत, मग उत्तर

बोईसरच्या बाजारात बोंबील विकणाऱ्या मावशी मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात आणि करंगळीने चालवतात, कारण तेवढंच बोट कोरडं असतं. कोरियन गाणी म्हणणाऱ्या पोरांना त्या रोज सकाळी ऑनलाइन मत देतात. मी अशाच चाहत्यांवर एमएचा प्रबंध लिहितोय. आमच्या घरातला हा पहिलाच प्रबंध, तेव्हा तो चोख व्हायला हवा.

"मावशी, ही गाणी तुम्हाला का आवडतात?"

"आदी मत दे, मास्तर. फुकट उत्तर नाय भेटनार. आमची पोरं दुसऱ्या नंबरवर हायत."

अभ्यास करणाऱ्याने बाजूला राहून बघायचं, असं सरांनी बजावलं होतं. तरी उत्तर हवं म्हणून मी मत दिलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि उत्तर राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवसापासून मी कुणी न सांगता मत देऊ लागलो. का, ते कळेना. आज पोरं पहिली आली, तर मी धावत बाजारात गेलो. मावशींना ते आधीच ठाऊक होतं. माझ्या तोंडाकडे बघून त्या हसल्या.

"आता तूच सांग, मास्तर, का आवडतात?"

मी वही उघडली, पेन काढलं आणि तसाच उभा राहिलो.