आडव्या येणाऱ्या नळ्या

शुक्रवार पेठेतली सिद्धेश्वरी लोकांना हवे तसे कॉम्प्युटर जोडून देते. मोडनिंबचा युवराज लग्नाचे व्हिडिओ करतो. त्यानं पाण्यानं थंड राहणारा कॉम्प्युटर सांगितला होता. "काचेतनं सगळं दिसणार हाय, ताई. नळ्या तेवढ्या नीट बसवा की," म्हणाला.

तिनं आधी तार वाकवून नळ्यांच्या वाटा आखल्या. प्रोसेसरमधलं गरम पाणी रेडिएटरमध्ये गार करूनच ग्राफिक्स कार्डाकडं न्यायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. पण तसं केलं की दोन नळ्या एकमेकींना आडव्या यायच्याच. कितीही वाकवलं तरी जमेना, तेव्हा ती रडकुंडीला आली.

शेवटी तिनं मऊ नळी घेऊन दोन्ही तऱ्हेनं पाणी फिरवून पाहिलं. प्रोसेसरमधून थेट कार्डाकडं सोडलं, तरी तापमानात म्हणावा असा फरक नव्हता. पाणी एवढं भराभर फिरत होतं, की आधी कुठं जातं याला महत्त्वच नव्हतं.

"जमलं का गं?" तिच्या नवऱ्यानं, प्रभूनं, विचारलं.

"जमलं. उगीच अडून बसले होते मी."

मग कडक नळ्या तापवून वाकवल्या, त्या एकमेकींना आडव्या न येता नीट बसल्या. पाणी भरलं, गळतंय का बघायला जोडांखाली ठेवलेला कागद कोरडाच राहिला. सिद्धेश्वरीनं भिंतीला पाठ टेकली आणि निवांत पाय पसरले.