पन्नासरावांची लेन्स

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, नळ आणि बेसिनच्या दुकानात नोकरीला आहेत. पण कुणी विचारलं की छाती पुढे काढून सांगतात, "मी फिल्ममेकर." आजवरच्या कलाकृती दोन: दुकानातल्या शॉवरची जाहिरात आणि शेजाऱ्यांच्या मांजरीची पिल्लं. दुसरीत निदान पिल्लं हलतात.

कॅमेरा घेतल्यापासून जेवणाच्या टेबलावर सेन्सर सोडून दुसरा विषय नाही. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातली चिप, जिच्यावर चित्र उमटतं. सेन्सर मोठा असेल तर लेन्समधून आलेलं बरंचसं चित्र त्यावर मावतं; लहान असेल तर फक्त मधला तुकडा. खिडकी लहान, तर बाहेरचं तेवढंच दिसणार, इतकी साधी गोष्ट. म्हणून लहान सेन्सरला रुंद लेन्स लागते. हे सगळं मला भाऊजींनीच शिकवलं. माझं ताटातलं जेवण गार झालं तरी शिकवत होते. त्यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, हे मात्र सांगितलं नाही. ते मी खोक्यावर वाचलं.

मोठ्या सेन्सरवर पन्नास मिलिमीटरची लेन्स माणसाच्या डोळ्यासारखं बघते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि तीच लेन्स आपल्या लहान सेन्सरला लावून बसले. कॅमेऱ्यासोबत आलेली रुंद लेन्स बॅगेच्या तळाशी. ती लावायची म्हणजे आपला सेन्सर लहान आहे हे चारचौघांत कबूल करायचं! आम्ही पाठीमागे त्यांना पन्नासराव म्हणतो. ताईसुद्धा म्हणते.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण पन्नासरावांनी आईच्या शिवणाच्या खोलीवर फिल्म करायचं काढलं. ती खोली पूर्वी आई आणि मावशी मिळून चालवायच्या. भिंतीशी दोघींच्या मशिनी, त्यांच्यापुढे एकच लांब बाक, समोर कापड कापायचं टेबल, संपली खोली. आजी, म्हणजे या दोघींची आई, गेल्यावर दोघींचं बोलणं बंद झालं. मावशी म्हणायची, मला वेळेवर कळवलं नाही. आई म्हणायची, कळवलं होतं, तीच आली नाही. तेव्हापासून मावशीची मशीन झाकलेली आहे. आईनं ती कुणाला दिली नाही आणि झाकणावर धूळ बसू दिली नाही. फिल्मच्या निमित्तानं मावशी यायला तयार झाली, तेव्हा आई सकाळपासून ते बाक पुसत होती. बहिणीनं पुन्हा बोलावं, एवढंच तिला हवं होतं. फिल्मशी तिला काय देणंघेणं!

दोघी बाकावर बसल्या, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. मग आईचा हात आपसूक उठला आणि मावशीच्या खांद्यावर चिकटलेला दोरा तिनं काढला. शिवणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या अंगावरचा दोरा बघवत नाही.

"अजून तशीच आहेस," मावशी हळूच म्हणाली.

आई काहीतरी बोलणार होती.

"कट!" पन्नासराव ओरडले.

त्यांच्या चौकटीत एकच बहीण मावत होती. ते भिंतीला पाठ घासत मागे सरकले, टेबलावर चढले, पोट आत ओढून उभे राहिले. पोटाचा आणि चौकटीचा काय संबंध, देव जाणे.

"भाऊजी, ती रुंद लेन्स लावा ना," मी म्हटलं.

"ती हौशी लोकांची. ही माणसाच्या डोळ्यासारखं बघते."

"माणसाच्या डोळ्यांना दोघी दिसताहेत."

"तुला काय कळतंय यातलं?" मग आवाजात साखर घालून म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा हं. एकेकीचं घेतो, नंतर जोडतो."

जोडतो म्हणे!

मावशी बाहेर गेली. दाराला नुसता पडदा होता. पन्नासरावांनी आईच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखला आणि म्हणाले, "बहिणीबद्दल मनात काय आहे? अगदी मोकळेपणानं बोला." मावशी शेजारी असती तर आई मशीनबद्दल बोलली असती, जुन्या गिऱ्हाइकांबद्दल बोलली असती. समोर काच होती. जे साठलं होतं ते बाहेर पडलं.

"आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. ही आली नाही."

"सुंदर!" पन्नासराव म्हणाले.

पडदा बाजूला झाला. मावशीनं बाकावरची पर्स उचलली आणि आईकडे न बघता निघून गेली. आई दारापर्यंत धावली आणि तिथेच थबकली. मला तो कॅमेरा बेसिनमध्ये बुडवावासा वाटला, त्यांच्याच दुकानातल्या. आणि हे गृहस्थ टेबलावरून उतरत कुरकुरत होते की मावशींचं घ्यायचं राहिलं.

ते फोनवर ताईला आपलं दुःख सांगायला बाहेर गेले, तेव्हा मी बॅगेतून रुंद लेन्स काढून लावली. पूर्ण बाक आलं. दोन्ही मशिनी आल्या, दारसुद्धा आलं. आई सवयीनं बाकाच्या आपल्या टोकाला बसली होती. ती उठून माझ्यामागे आली आणि वाकून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात बघू लागली.

"एवढं मावतं यात?"

"हो."

पन्नासराव परत आले होते. "मावतं हो," ते मागून म्हणाले, "पण कडा जरा वाकड्या येतात."

आईनं जावयाला आजवर कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"वाकड्या तर वाकड्या," ती म्हणाली. "दोघी आलो असतो."