कुंदाबाईंच्या दारातले आठ ठिपके

पिंप्राळ्यात उतारावर आठ घरांची एक गल्ली आहे, आणि त्या उताराच्या अगदी शेवटी कुंदाबाईंचं घर. शेवटी राहण्याचा तोटा असा, की वरच्या सात घरांनी काय शिजवलं, काय धुतलं, कोणत्या साबणाने अंघोळ केली, हे सगळं कुंदाबाईंना न विचारता कळायचं. गल्लीचं उघडं गटार त्यांच्या ओट्यापाशी येऊन थबकायचं. पुढे साठ मीटरवर मोठा नाला होता, पण तिथवर जायची त्या पाण्याला कधी घाई नसे.

कुंदाबाईंचं माहेर धुळ्याकडचं. वय बासष्ट, आणि गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे. उन्हाळ्यात त्या ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पापड, करून विकत. ओटा ऐसपैस होता, सकाळपासून ऊनही यायचं, पण नाकाला पदर लावून बिबडे कोण थापणार? म्हणून शिजवलेल्या पिठाचं गरम पातेलं घेऊन त्या बावीस पायऱ्या चढून गच्चीवर जात, आणि पायरीपायरीला गल्लीतल्या एकेकाचं नाव घेत. नावं आशीर्वादासाठी घेतलेली नसत. त्यांना या जन्मी आता फार काही नको होतं. आपल्या ओट्यावर बिबडे वाळावेत आणि त्यांची राखण करत आपण तिथेच पाय पसरून बसावं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात मयुरी नावाची मुलगी गल्लीत आली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या नळ्या आणि गटारं नकाशावर मांडायची आणि तो नकाशा सगळ्यांना मोबाइलवर खुला ठेवायचा, हे तिच्या संस्थेचं काम. निळी रेघ चांगल्या पाण्याची, आणि ज्या दारापुढे उघडं गटार आहे तिथे लाल ठिपका. आठ घरांपुढे तिने आठ ठिपके दिले. काही चुकलं असेल तर पंधरा दिवसांत ज्याने त्याने मोबाइलवरूनच दुरुस्ती करावी, असंही सांगितलं. कुंदाबाईंनी तिला भाजलेला बिबडा खायला घातला आणि विचारलं, की हे रांगोळीचं काम कशापायी. मयुरी म्हणाली, जिथे ठिपके जास्त तिथे आधी बंद पाइप पडेल, आणि यंदा या भागाला साठ मीटरच पाइप आहे.

हेच तिने आठही घरांत सांगितलं होतं. पण वरच्या सात घरांनी पाइपचं ऐकलंच नाही. नकाशा सगळ्या जगाला दिसणार, एवढंच त्यांच्या कानात राहिलं.

सगळ्यात आधी हबकले प्रेमराजभाऊ. भाऊ कचेरीतून निवृत्त झालेले, आणि घर विकून मुलाकडे जायच्या बेतात. चाळीसगावचं एक गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं, आणि ते म्हणे भाजी घेतानाही मोबाइल बघून घ्यायचं. भाऊंनी हातातला चहा संपायच्या आत आपल्या दारातला ठिपका बोटाने धरला आणि हळूच उताराला लावून दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'गटार आमच्या दारी नसून गल्लीच्या टोकाला आहे.' लताबाईंच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, त्यांनीही आपला ठिपका वाटेला लावला. मग एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. पंधरा दिवसांत गल्ली नकाशावर अशी स्वच्छ झाली, की तिथे माणसं राहतात की नाही अशी शंका यावी. आठही ठिपके कुंदाबाईंच्या ओट्यापुढे एकावर एक बसले होते.

ही बातमी कुंदाबाईंना जैनबने दिली. जैनब त्यांची अगदी लागून वरची शेजारीण. घरी गोधड्या आणि ब्लाउज शिवायची. आमच्या यांनीही आमचा ठिपका तुमच्याकडे ढकलला, मला रात्रभर झोप नाही, असं तिने खाली मान घालून सांगितलं. खरं बोलणारी गल्लीत ती एकटीच निघाली.

कुंदाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. बावीस पायऱ्यांवर घ्यायची सगळी नावं त्यांनी जागच्या जागी घेतली. मग त्यांना मयुरीचं बोलणं आठवलं, आणि त्यांनी आठ ठिपके बोटांवर मोजले. थोड्या वेळाने जैनबला त्या पदरात तोंड लपवून हसताना दिसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बिबड्यांची पिशवी घेऊन थेट प्रेमराजभाऊंकडे गेल्या. आपल्याला मोबाइलमधलं काही कळत नाही, तर भाऊंनीच जरा आपल्या दारातल्या ठिपक्याखाली दोन ओळी नीट लिहून द्याव्यात, असं त्यांनी गरिबासारखं सांगितलं. भाऊंना आधी घाम फुटला. पण म्हातारीला काही समजलेलं नाही असं दिसताच त्यांनी पुण्य कमावायची संधी साधली. डास, दुर्गंधी, पादचाऱ्यांची गैरसोय, ज्येष्ठ नागरिक महिलेचे हाल, असा कचेरीच्या मराठीत त्यांनी पानभर मजकूर लिहिला. तो इतका करुण झाला, की वाचून दाखवताना त्यांनाच मध्ये थांबून डोळे पुसावे लागले. कुंदाबाईंनी मन लावून ऐकला, आणि डास जरा वाढवा म्हणाल्या.

नकाशाची तपासणी झाली ती खुर्चीत बसूनच. मार्चात पाइप आला, साठच्या साठ मीटर, कुंदाबाईंच्या ओट्यापासून थेट नाल्यापर्यंत. वरच्या सात घरांचे चेहरे बघण्यासारखे झाले. आमच्याकडे कधी, असं लताबाईंनी विचारलं, तर पाइप टाकणाऱ्या मुकादमाने त्यांना मोबाइल उघडून दाखवला. तुमच्याकडे गटारच नाही, बाई.

पाइपाचं वरचं तोंड उघडं ठेवायचं की बंद करायचं, हे मुकादमाला कळेना. जागेवर तर वरून येणारं गटार दिसत होतं, नकाशात वर काहीच नव्हतं. त्याने ओट्यावर बसलेल्या कुंदाबाईंनाच विचारलं, की वरून पाणी येतं का. त्या क्षणी सगळी गल्ली नेमकी आपापल्या घरात होती.

"नकाशामा काय शे, भाऊ?" कुंदाबाई म्हणाल्या. "मी अडाणी बाई. नकाशामा जे शे, तेच खरं."

मुकादमाने पाइपाच्या तोंडाशी विटांची भिंत घातली, सिमेंट लावलं आणि तो निघून गेला.

कुंदाबाईंनी ओटा तीन वेळा धुतला. दुसऱ्या सकाळी त्यांनी ओट्यावरच्या खाटेवर धुतलेली साडी अंथरून बिबडे थापले, शेजारी पाट टाकला आणि पाय पसरून बसल्या. उन्हात गुडघे शेकत होते. भिंतीच्या वर पाणी साचत असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता ते चढत चढत प्रेमराजभाऊंच्या पायरीला लागेल, भाऊ धोतर सावरत येतील, आणि मग आपण काय बोलायचं, याची त्या मनातल्या मनात तालीम करत होत्या. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पण पाणी भाऊंकडे कसं जाईल? भाऊंचं घर वर. भिंतीला लागून पहिलं घर जैनबचं.

सकाळी दहाच्या सुमाराला तिच्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज आला. कुंदाबाई उठून गेल्या तर स्वयंपाकघरात घोटाभर काळं पाणी, चुलीजवळचं पीठ भिजलेलं, आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या दोन गोधड्या त्या पाण्यात पडलेल्या. जैनब तांब्याने पाणी उपसत होती. कुंदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या घरी परतल्या, कोपऱ्यातली पहार उचलली आणि भिंतीपाशी गेल्या. प्रेमराजभाऊ धावत आले. सरकारी काम आहे, असं फोडता येत नाही, म्हणाले. कुंदाबाईंनी पहिला घाव घातला.

"भाऊ, आधी तुमना ठिपका घरी लई जा," त्या म्हणाल्या. "मंग माले कायदा शिकाडा."

भाऊ मागे सरले. सहाव्या घावाला वीट निघाली, आणि तुंबलेलं पाणी असं सुटलं, की अर्धं पाइपात गेलं आणि अर्धं उसळून ओट्यावर. खाटेवरचे सगळे बिबडे काळे झाले. कुंदाबाईंनी तिकडे एकदा बघितलं आणि उरलेल्या विटा काढल्या.

जैनबच्या घरातलं पाणी ओसरलं. कुंदाबाई तशाच भिजलेल्या नऊवारीत तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. जैनबने हातातला तांब्या खाली ठेवला.

"अक्का, ती भिंत घालताना तुम्ही ओट्यावरच होता," ती म्हणाली. "पाणी माझ्याकडे येईल, हे तुम्हाला माहीत होतं?"

कुंदाबाईंनी भाऊंसाठी केलेली तालीम इथे काही कामाची नव्हती.

"भिंत माहीत व्हती," त्या म्हणाल्या. "तुनं घर मी इसरी गयती."

जैनबने पाण्याने जड झालेल्या गोधडीचं एक टोक उचललं आणि दुसरं त्यांच्यापुढे केलं.

"धरा," ती म्हणाली. "एकटीने पिळली जात नाही."