पॉयझन आयव्ही आणि आमची अब्रू

लोकांकडे व्हिसाचे किस्से असतात, ड्रायव्हिंग टेस्टचे असतात. आमच्या ग्रुपकडे एका वेलीचे आहेत. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत एडिसनच्या आसपास आम्ही सगळ्यांनी पहिलीवहिली घरं घेतली. मागे यार्ड आलं आणि यार्डात पॉयझन आयव्ही आली. देठाला तीन-तीन पानं, दिसायला गोजिरवाणी, हात लावला की अंगभर फोड! आता बार्बेक्यूला जमलो की सगळे हसत हसत हेच काढतात. मला मात्र अजून कानकोंडं व्हायला होतं.

पहिला मान देशपांड्यांचा. केमिकल इंजिनिअर माणूस! ती चकचकीत पानं त्यांना इतकी आवडली की त्यांनी वेल मेलबॉक्सवर चढवली, रोज पाणी घातलं. काही दिवसांनी टपाल यायचं बंद झालं. हे तावातावानं पोस्टात भांडायला गेले, आम्ही इंडियन म्हणून हे असं का, वगैरे. काउंटरवरच्या बाईनं आतून पोस्टमनलाच बोलावलं. त्याचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते.

मग देशपांडे पेटले. हुशारीनं ग्लोव्हज घालून वेल उपटली आणि यार्डातच जाळली. तो धूरही आयव्हीचाच, हे कुणाच्या डोक्यात यावं? दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाची पिकनिक होती. त्या ग्रुप फोटोत आपले बाबा कुठले, हे त्यांच्या मुलाला अजून ओळखता येत नाही.

कुमुदताई आमच्यात थोरल्या. श्रावणी सोमवारी त्यांच्याकडे शंकराची पूजा होती. यार्डात तीन-तीन पानं बघून त्यांना भरूनच आलं, अमेरिकेत बेल! पिंडीवर ढीगभर वाहिली. पूजा झाल्यावर आम्ही सगळ्यांनी भक्तिभावानं ती उचलून डोळ्यांना लावली.

इमर्जन्सीत आठ माणसं, कुणाचाच डोळा उघडत नव्हता. नर्सनं विचारलं, पानं घेतली कशाला? देवाला वाहिली, हे तिला कसं सांगायचं? शेवटी कुमुदताईच म्हणाल्या, "सॅलड."

नर्स धावतच डॉक्टरांना बोलवायला गेली.

कुमुदताईंच्या सासूबाई तेव्हा इंडियाहून आलेल्या होत्या. त्यांनी एका नजरेत ठरवलं, "बिब्बा उतलाय हा." आणि तीळ-खोबरं वाटून सगळ्यांना फासलं. माझा नवरा सुधीर तसाच मीटिंगला गेला. बॉस सारखा हुंगत होता. कुणी कुकीज आणल्यात का, म्हणाला. सुधीरही बिचारा सगळ्यांबरोबर टेबलाखाली शोधायला लागला.

आता आमच्या नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं. आमच्या गल्लीत आम्ही एकटेच देशी. शेजारच्या बार्बराबाईंनी मला कुंपणाशी उभं करून ही वेल दाखवली होती, पुन्हा पुन्हा बजावलं होतं. त्या सॅलडची बातमीही त्यांच्यापर्यंत गेलीच. त्यांच्यासमोर आता आणखी शोभा नको, एवढंच मला हवं होतं.

दसऱ्याला मी पुऱ्या तळत होते. खिडकीतून बघते तर नाना धोतर, काळी टोपी घालून बार्बराबाईंच्या दारात! हातातल्या ताटात पिवळीधमक पानं. हिरवी आयव्ही ओळखायला मी त्यांना शिकवलं होतं, पण ऑक्टोबरात ती पिवळी होते, हे सांगायचं राहिलंच. मी गॅस बंद करून धावले.

नाना वाकून म्हणत होते, "सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा." मग त्यांना कळावं म्हणून, "गोल्ड." आणि पान कपाळाला लावून दाखवलं.

बाईंनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कसंबसं तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हळूच मान हलवून मला गप्प केलं. उघड्या हातांनी पान घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "थँक यू, ग्रँडपा."

नानांना नशिबानं काही झालं नाही. रविवारी बार्बराबाई चर्चला निघाल्या, तेव्हा त्यांच्या कपाळावर हा मोठा लाल डाग. मी मान खाली घातली. नाना खिडकीशी उभे होते. एकदम खुशीत म्हणाले, "सूनबाई, बघ, बघ! कुंकू लावलंय त्यांनी."