बहीण लागते

माझं माहेर सौसर, सासर पांढुर्णा, आणि मी दोन्हीकडच्या माणसांना भिते. (कुठलाही फॉर्म भरताना "माहेर?" विचारलं की मी "सौसर" म्हणते, आणि समोरचा वैतागून म्हणतो, "सासर नाही हो बाई, माहेर सांगा!") माहेरची भीती जुनी आहे, अंगवळणी पडली आहे. सासरची मात्र रोज ताजी निघते. ती दोन माणसांची: एक सासूबाई आणि दुसरे मोठे बाबा, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. मोठे बाबा अंगणात नुसते खाकरले तरी मी स्वयंपाकघरात उभी राहते. बसलेली असले तर उठून, आणि उभी असले तर आणखी सरळ.

तरीही माझ्या नणंदेसाठी, मोनालीसाठी, स्थळ आणायचा आगाऊपणा मीच केला. मुलगा सौसरचा, निखिल, माझ्या माहेरच्याच गल्लीतला, शाळेत मास्तर. मोनालीला तो इतका पसंत पडला की फोनवर बोलून बोलून तिची बॅटरी रोज दुपारीच संपायची. पण मोठे बाबांची अट होती. जवळचं नातं निघत नाही हे तपासल्याशिवाय आमच्याकडे सोयरीक होत नाही. पूर्वी ते सगळं तोंडपाठ सांगत. आता वय झालं, नावं निसटतात.

"आपली सूनबाई कॉम्प्युटरवाली आहे ना?" सासूबाई भर बैठकीत म्हणाल्या. "ते काढून देईल!"

नाही म्हणायची माझी काय टाप! मी "हो" म्हणून बसले.

आता मी घरून नागपूरच्या एका कंपनीचं काम करते, आणि नेमकं काम आहे ग्राफ डेटाबेसचं. नाव ऐकून घाबरू नका, घाबरायला मी आहे. रांगोळीचे ठिपके असतात ना, तसं. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ, आणि रेघेवर नात्याचं नाव. तक्त्यात माहिती भरायची तर रकाने आधीच ठरवावे लागतात, आणि आमच्या घराण्यात रकान्यात बसेल असा एक माणूस नाही. सासूबाईंचं लग्न साट्यालोट्याचं. त्यांची नणंद तीच त्यांची वहिनी! सांगा, कुठल्या रकान्यात टाकू? ग्राफमध्ये ही कटकटच नाही. नवं नातं निघालं, ओढा नवी रेघ. मी खूश होते.

आठवडाभर सासूबाई भाजी निवडत सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले.

"निखिलची आई कोण लागते आपली?"

"शोभा? अवं, ते माही बहीणच लागते! बोरगावची ना ते."

मी लिहिलं: बहीण लागते. कोणी म्हणालं "बहीणच समज," मी तेही लिहिलं. मग मला माझी हुशारी सुचली. एवढ्या सगळ्या बहिणी वेगवेगळ्या कशाला? 'बहीण लागते', 'बहीणच समज', 'बहिणीसारखी', हे सगळं एकच धर, असं मी मशीनला शिकवून ठेवलं. (कंपनीत अशा कामाबद्दल मला एकदा शाबासकी मिळाली होती. घरात काय मिळालं ते आता सांगते.)

बैठकीचा दिवस उजाडला. सौसरचे पाहुणे आले. शोभामावशी, निखिल, त्याचे वडील. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची होती. चिवडा झाला, संत्री सोलून झाली. मोठे बाबा खाकरले. मी उभी राहिले.

"सूनबाई, दाखव तुही मशीन. पोरापोरीचं काही नातं निघून राहिलं काय?"

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला. भिंतभर ठिपके आणि रेघा! पाहुणे "वा वा" म्हणाले. मी मोनाली आणि निखिल अशी दोन नावं टाकून बटण दाबलं. तीन लाल रेघा लखलखल्या. मोनाली, तिची आई, आईची बहीण शोभा, शोभाचा मुलगा निखिल. खाली मोठ्या अक्षरात: मावसभाऊ.

निखिलच्या हातातली संत्र्याची फोड हातातच राहिली. स्थळ माझं, मशीन माझी, मोडणार नणंदेचं लग्न. मी मनातल्या मनात जामसांवलीच्या मारुतीला अकरा नारळ बोलून टाकले.

"मावसभाऊ?" मोठे बाबांनी चष्मा पुसला. "म्हणजे बहीण-भाऊ! अन् तुमी तारीख काढून राहिले?"

"वहिनी!" मोनाली स्वयंपाकघराच्या दारातून दात आवळून म्हणाली. "काय करून राहिली तू?"

"मशीन बिघडली असंल," हे मला वाचवायला पुढे आले. (आजवर त्यांनी मला जेव्हा जेव्हा वाचवलं, तेव्हा तेव्हा मी बुडाले.) "ज्याचं नातं सगळ्यांले माहीत आहे अशा कोणाचं काढून पाय ना. आपलंच काढ!"

मी आमची दोघांची नावं टाकली. टीव्हीवर पहिली रेघ आली: नवरा-बायको. हुश्श! आणि तिच्या खाली दुसरं नातं आलं: मावशी-भाचा.

"कोण कोणाची मावशी?" मोठे बाबांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "ह्यांची."

निखिलचे वडील घाईघाईने पाणी पिऊ लागले. माझ्या लग्नात सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या होत्या, "सून नाई, बहिणीसारखी ठेवीन मी हिले." मला तेव्हा रडूच आलं होतं. त्या आनंदात मी तीही रेघ ओढून ठेवली होती, आणि मशीनने बहिणीसारखीची बहीण केली. आईची बहीण ती मुलाची मावशी! हिशेब चोख होता.

"म्हणजे एक लग्न होत नाई, अन् एक झालं तेही मोडलं," मोठे बाबा म्हणाले. "शाबास सूनबाई!"

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण खाली फरशी होती.

तेवढ्यात मोनाली सरळ बैठकीत येऊन उभी राहिली. आमच्याकडे पोरी मोठे बाबांसमोर अशा येत नाहीत. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत.

"मोठे बाबा, मी काही याले राखी बांधत नाई! लग्न करीन तं याच्याशीच. आईले अन् मावशीले विचारा ना, दोघींचा बाप एक आहे काय?"

सासूबाईंनी आणि शोभामावशींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बाप कायचा एक?" शोभामावशी म्हणाल्या. "माहे बाबा वेगळे, हिचे वेगळे. एका गावच्या आहो बाप्पा आमी! गावच्या साऱ्या पोरी बहिणीच लागतात."

मोठे बाबा उठून टीव्हीजवळ गेले आणि लाल रेघांवरून बोट फिरवू लागले. मी वाट पाहत बसले होते. (नाही, उभीच होते.)

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "'लागते' अन् 'आहे' यात फरक असते. तुह्या मशीनले 'लागते' समजत नाई."

मशीनला समजत होतं हो! मीच दोन्ही एक करून ठेवलं होतं. पण हे बोलायची हिंमत कोणाला? मी गुपचूप ती रेघ पुसली, 'गावबहीण' अशी नवी ओढली आणि बटण दाबलं. टीव्हीवर आलं: नातं नाही. मोनालीने तिथेच मला मिठी मारली, आणि लगेच कानात म्हणाली, "पुन्हा असं केलं ना वहिनी, तं पाय!" साक्षगंधाची तारीख निघाली. निखिलने एकदाची ती फोड खाल्ली.

"अन् ते दुसरी रेघ?" मोठे बाबा म्हणाले. "'बहिणीसारखी' असं कोण म्हणलं होतं?"

"मी कायले म्हणू बाप्पा?" सासूबाईंनी पदर सावरला. "अन् म्हणलं असंल तं तवा ते नवी होती. खोडून टाक वं. नुसती सून ठेव."

भर बैठकीत, पाहुण्यांसमोर, मी माझ्या हाताने ती रेघ खोडली. पाहुणे गेल्यावर मात्र मला राहवेना. रेघ कुठलीही ओढता येते, तर खरी का ओढू नये? माझ्यापासून सासूबाईंपर्यंत एक बाण काढला आणि वर लिहिलं: भिते. नेमक्या तेव्हाच सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं.

"हे बराबर लिवलं," त्या म्हणाल्या. "एवढी एक खोडू नको."

अजून खोडली नाही. खोडायची भीती वाटते.