फोडणीच्या पळीतलं शिसं

माझी फोडणीची पळी मरळ माशापायी गेली. चांगली लोखंडी, लांब दांड्याची पळी होती, पेठ वडगावच्या बाजारातून आणलेली. एका रविवारी आमटीला फोडणी द्यायला हात घातला तर पळी जागेवर नाही. परसात जाऊन बघते तर शेगडीवर माझी पळी, पळीत शिसं, आणि शेगडीभोवती दोन म्हातारे डोक्याला डोकं लावून बसलेले. एक आमचे मालक, म्हणजे माझा नवरा. दुसरे त्यांचे दोस्त, शाळेतून रिटायर झालेले मास्तर.

"हे काय चाललंय?"

"जिग वततोय," मालक म्हणाले. पिंडीवर अभिषेक चालल्यासारखा चेहरा केला होता.

जिग म्हणजे गळाच्या मानेवर बसवलेलं शिशाचं डोकं. त्याच्या वजनानं गळ खाली जातो आणि दोरीला झटके दिले की पाण्यात बेडकासारखा उड्या मारतो. मरळ फसते म्हणे. हे सगळं मास्तर मोबाईलवर शिकले होते. वर्गात पोरगं जरा खिडकीतून बाहेर बघायला लागलं की खडू फेकून मारणारा माणूस, आता दिवसभर मान मोडून त्या मोबाईलात बघत बसतो, आणि खडू मारणारं कुणी नाही.

आता आमच्या नदीत पाणी कमी आणि जलपर्णी जास्त. मरळ त्या पाल्याखालीच बसते. उघडा गळ टाकला की मासा येत नाही, म्हशीला पुरेल एवढा पाला येतो. म्हणून गळाच्या टोकापुढे ताठ केसांचा एक झुपका बसवायचा असतो. पाला त्याच्यावरून घसरतो. माशानं तोंड मारलं की केस वाकतात आणि गळ लागतो. मास्तर त्याला वीडगार्ड म्हणत. मी म्हणाले, ह्या तर मिशा. पुढच्या रविवारी मास्तरही मिशाच म्हणायला लागले.

पळी मी परत मागितली नाही. शिसं वितळलेल्या पळीत फोडणी द्यायला मला काय सगळ्यांना मारायचं होतं? मी फक्त वाऱ्याकडे पाठ करून चौकटीत उभी राहिले आणि बघत बसले. कारण त्या दोघांना जे येत नव्हतं ते मला येत होतं, आणि मला जे कधी करू दिलं नाही ते हे दोघं माझ्याच परसात, माझ्याच पळीनं करत होते.

मी शिरोलीला एका फाउंड्रीत कोर शॉपमध्ये पंचवीस वर्षं काढली. कोर म्हणजे वाळूचा घट्ट ठोकळा. ओतलेल्या वस्तूत जिथं पोकळी पाहिजे तिथं तो साच्यात ठेवायचा. लोखंड त्याच्याभोवती भरतं, थंड होतं, मग वाळू फोडून काढायची. पोकळी राहते. ते काम बायकांचं. ओतायचं काम पुरुषांचं. आम्ही कोर केला नाही तर त्यांनी ओतलेला पंप म्हणजे नुसता धोंडा, पण भट्टीतलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीत, आलं की फोरमन ओरडायचा, "बायकांनी मागं व्हा!"

खंडेनवमीला तेवढी आमची आठवण व्हायची. भट्टीला, लॅडलला हळदकुंकू लावायला आम्ही पुढं. लावून झालं की परत "मागं व्हा". का, म्हणून एकदा विचारलं. एकजण म्हणाला, बाईचा पदर पेटतो. दुसरा म्हणाला, बाईच्या हातानं ओतलेलं फुटतं. त्याचं स्वतःचं ओतलेलं आठवड्याला ढीगभर फुटत होतं, ते कुणाच्या हातानं, हे त्यानं सांगितलं नाही.

मला एकदा ओतायचं होतं. चारचौघांसमोर, उघड. रिटायर झाले तरी जमलं नाही. घरी सांगितलं तर मालक हसले होते. "तुझं काम वाळूचं लाडू वळायचं," म्हणाले. हे स्वतः त्याच फाउंड्रीत गेटवर हजेरी लिहीत होते. कोण भाजला त्याचं नाव रजिस्टरात घालायचे, पण भाजताना कुणाला बघितलं नव्हतं. ओतायच्या वेळी त्यांची खुर्ची आमच्यापेक्षाही लांब असायची.

तर हा गडी आता ओतत होता.

साचा मास्तरांच्या भाच्यानं आपल्या वर्कशॉपमध्ये करून दिला होता, दोन भागांचा, ॲल्युमिनियमचा. पोरगं कामाचं होतं. गळ ठेवायला जागा, शिसं ओतायला तोंड, आणि डोक्याच्या वरच्या अंगाला एक बारीक खाच. त्या खाचेत ह्या दोघांनी मिशा ठेवल्या, साचा मिटला आणि वरून शिसं ओतलं. मिशा होत्या नायलॉनच्या, माझ्या फरशी घासायच्या ब्रशच्या. शिशानं त्या गिळल्या. साचा उघडला तर डोकं तयार, आणि मिशांच्या जागी जळके खुंट.

"ब्रश हलका हाय," मालक म्हणाले.

"चायनाचा असंल," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या रविवारी दात घासायचा ब्रश आणला. जळला. मग रंगाचा ब्रश आणला. तोही जळला. दोघं ब्रशाच्या कंपन्यांना शिव्या देत होते. मी चौकटीतनं ती खाच बघत होते. असल्या खाचा मी जन्मभर बघितल्या होत्या. ती मिशांसाठी नव्हतीच. ती कोरची बैठक होती. तिथं कोर ठेवायचा, शिसं ओतायचं, कोर काढायचा, भोक राहिलं की त्यात मिशा चिकटवायच्या. एवढीच गोष्ट. पण ती बायकांच्या खात्यातली असल्यामुळं ह्यांच्या डोक्यात येणार नव्हती.

मी सांगितलं नाही. का सांगू? मी ठरवलं होतं, सांगायचं ते ओतायच्या बदल्यात. हे दोघं नदीवर गेल्यावर एकटीनं ओतता आलं असतं. पण लपून करायला मी काय चोरी करत होते?

तिसऱ्या रविवारी साचा लवकर थंड व्हावा म्हणून मालकांनी तो बादलीत बुडवला, टॉवेलनं पुसला आणि पळी उचलली. तेव्हा मात्र मी ओरडले.

"अहो, साचा वला हाय! वल्या साच्यात वतत न्हाईत!"

"पुसलाय की."

"खाचंत पाणी असतंय!"

मास्तर माझ्याकडं वळून हसले. बुद्धू पोराकडं बघून हसतात तसं. "वहिनी, ह्यात थोडं शास्त्र असतंय."

फट्ट! शिसं साच्यातनं उलटं उडालं. मास्तरांच्या बनियनला पोटावर भोक पडलं आणि मास्तर उभ्या जागी असे नाचले की शाळेच्या गॅदरिंगला कुणी नाचलं नसेल. मालकांनी पळी टाकून दिली आणि तुळशीमागं जाऊन उभे राहिले. मी मास्तरांच्या पोटावर गार पाण्याचा तांब्या ओतला. फोड बारीकच होता. डोळा वाचला हे नशीब. ते मी बोलूनही दाखवलं, दोनदा.

"आता सांगा शास्त्र," मी म्हणाले.

मास्तर बनियनचं भोक चाचपत होते. मालक तुळशीमागनं म्हणाले, "तुला म्हाईत हुतं तर आधी सांगायचं की."

"सांगितलं की आत्ता. तुमच्या मिशा का जळत्यात तेबी म्हाईत हाय मला."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मास्तर पोटावर हात ठेवून म्हणाले, "का जळत्यात, वहिनी?"

"सांगते. पण वतणार मी. आज, पुढच्या रविवारी, आन् त्याच्या पुढच्याबी."

"तू?" मालक म्हणाले. "बायका कुठं वतत्यात?"

"मग बसा ब्रश जाळत. घरात अजून एक केस विंचरायचा ब्रश हाय."

मालकांनी तुळशीमागनं मान तेवढी बाहेर काढली. त्यांच्याकडं बघून मला वाटलं, रजिस्टरात असली नोंद कुठल्या रकान्यात करायची हेच शोधत असावेत. शेवटी मास्तरच म्हणाले, "वतू दे की बाबा. माझं प्वाट तरी वाचंल."

कोर म्हणून मी एक खिळा घेतला. धुण्याच्या दगडावर घासून एका अंगाला निमुळता केला, नाहीतर तो शिशातनं निघत नाही. पणतीवर धरून त्याला काजळी लावली, म्हणजे शिसं चिकटत नाही. तो त्या खाचेत ठेवला तर असा बसला, जणू भाच्यानं खाच त्याचंच माप घेऊन केली होती. साचा शेगडीशेजारी ठेवून कोरडा खणखणीत केला. पदर खोचला. पळी उचलली आणि म्हणाले, "पुरुषांनी मागं व्हा."

झाले. मास्तर तर फाटकापर्यंत गेले.

पहिलं डोकं अर्धंच निघालं. साचा म्हणावा तसा तापला नव्हता, शिसं मध्येच थिजलं. मालकांना कोण आनंद झाला! "बघ, बघ, म्हणूनच बायका—" एवढं बोलले आणि माझ्या हातातल्या पळीकडं बघून थांबले. खरं सांगायचं तर मी शिसंही जरा थांबत थांबत ओतलं होतं. पंचवीस वर्षं लांबून बघितलं होतं, जड किती लागतं ते ठाऊक नव्हतं. ते अर्धं डोकं काहीजणी आठवण म्हणून ठेवतील. मी ते परत पळीत टाकलं. वाया घालवायला काय झालं?

दुसरं पूर्ण भरलं. साचा उघडला, पकडीनं खिळा ओढला, आणि शिशात गोल, स्वच्छ भोक. मी त्यात काडी घालून बघितली. आरपार नाही, जेवढं पाहिजे तेवढंच. मग ब्रशच्या केसांचा झुपका डिंकासारख्या त्या झटकन चिकटणाऱ्या गमनं बसवला. मिशा उभ्या राहिल्या, ताठ, एखाद्या फौजदाराच्या असाव्यात तशा.

मास्तरांनी बोटानं वाकवून बघितल्या. "वहिनी," म्हणाले, "हे तुम्ही कुठं शिकलासा?"

"लाडू वळताना," मी म्हणाले आणि मालकांकडं बघितलं. मालक शेगडीतला निखारा नीट करत होते. निखारा नीटच होता.

त्यानंतर एका सकाळी त्याच गळावर मालकांनी मरळ आणली, हातभर लांब. गल्लीत चारजणांना थांबवून सांगितलं, "आमी सोता जिग वततो." आमी! मासा मी चिंचेच्या कोळात केला आणि खाल्लाही. चव चांगली होती, खोटं कशाला बोलू.

आता दर रविवारी परसात असंच चालतं. मालक धुण्याच्या दगडावर खिळे घासतात आणि काजळी लावतात. मास्तर कात्रीनं मिशा कापून झुपके बांधतात. दोघंही लांब भिंतीला टेकून, बूड जमिनीला लावून बसतात. आमचं कोर शॉपही असंच भिंतीकडेला होतं. मी शेगडीवर.

गेल्या रविवारी मालकांनी खिळा घासता घासता हळूच विचारलं, "एकदा मला वतू दे की गं. सुरवात तर मीच केलती."

मी पळीतल्या शिशावर आलेली मळी बाजूला सारली.

"खंडेनवमी येऊ दे," म्हणाले. "तवा या पुढं, पळीला हळदकुंकू लावा. मग बघू."